रशियन शिकताना मराठीची सोबत

कसाऱ्याच्या मुलीने रशियन भाषा कशाला शिकायची, असा प्रश्न मला गावातही विचारला जातो आणि कॉलेजातही. गावाच्या प्रश्नात काळजी असते, कॉलेजातल्या प्रश्नात नवल. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे या प्रश्नाला नीट उत्तर देणे मला भाग आहे.

प्राथमिक वर्गात तेहतीस अक्षरे, अंक आणि ओळखीपाळखीची वाक्ये शिकून होतात. खरी परीक्षा मध्यम पातळीवर सुरू होते. सहा विभक्ती, क्रियापदांच्या जोड्या आणि 'जाणे' या एका क्रियेची अनेक रूपे समोर येतात. आमची पुस्तके हे सारे इंग्रजीतून समजावतात. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटते की, आपण दोन पावले मागे आहोत. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि तोच येथे उदाहरणांनी मांडते.

प्रथम लिंग घेऊ. रशियनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत आणि भूतकाळी क्रियापद त्यांप्रमाणे बदलते. तो आला, ती आली, ते आले. तसेच प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो. 'पिस्मो' म्हणजे पत्र. दोन्ही भाषांत ते नपुंसकलिंगी, म्हणून 'पत्र आले' हे 'पिस्मो प्रिश्लो' असे होते. इंग्रजीत 'मी आले' लिहिणारी मुलगी आहे की मुलगा, ते क्रियापदावरून कळत नाही, रशियनमध्ये कळते.

दुसरी गोष्ट 'मला'ची. थंडी वाजली की इंग्रज स्वतःलाच थंड म्हणवतो. आपण म्हणतो, 'मला थंडी वाजते', आणि रशियन माणूस म्हणतो, 'म्न्ये खोलदना'. यातील 'म्न्ये' म्हणजे 'मला'. 'मला आवडते' याचीही रचना तशीच. 'माझ्यापाशी पुस्तक आहे' हे वाक्य 'उ मिन्या येस्त् क्नीगा' असे जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून होते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड मानली जाते. प्रत्येक क्रियेसाठी रशियनमध्ये बहुधा दोन क्रियापदे असतात, एक चालू वा नेहमीच्या क्रियेचे आणि दुसरे पुऱ्या झालेल्या क्रियेचे. 'या चिताला क्नीगू' म्हणजे मी पुस्तक वाचत होते. 'या प्रचिताला क्नीगू' म्हणजे मी ते वाचून काढले. आपण 'काढणे', 'टाकणे' अशी क्रियापदे मागे जोडून जे साधतो, ते रशियन भाषा पुष्कळदा पुढे उपसर्ग लावून साधते. 'वाचत होते' आणि 'वाचून काढले' यांतला फरक आईच्या बोलण्यातून शिकलेल्याला हे प्रकरण परके वाटू नये.

आता 'जाणे'. पायी जाणे 'इत्ती', वाहनाने जाणे 'येखत्'. घरापासून स्टेशनापर्यंत पहिले, कसारा लोकलमध्ये बसल्यावर दुसरे. शिवाय एका दिशेने जाणे वेगळे आणि वारंवार जाऊन परत येणे वेगळे. या दुसऱ्यासाठी 'येझ्दित्' आहे. आपल्या बाजूचे नोकरदार ज्याला 'अप-डाऊन करणे' म्हणतात, तेच हे. पुस्तकात त्याला पानभर नियम आहेत. आम्हा कसारेकरांना हा एक शब्द पुरतो.

अर्थात मराठी सगळीकडे साथ देत नाही. आपल्याकडे घोडा, आंबा असे आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, तर रशियनमध्ये आकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी. 'क्नीगा' स्त्रीलिंगी, आपले पुस्तक नपुंसकलिंगी. तेथे पाठांतराला पर्याय नाही.

मग एवढे कष्ट कशासाठी? पंधराव्या शतकात त्वेर शहरचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढला की पलीकडे हेच जुन्नर. तेथे त्याने पावसाळा काढला आणि चार महिन्यांचा पाऊस, चिखल व त्यातली पेरणी लिहून ठेवली. आपल्याच मुलुखाचे हे वर्णन जुन्या रशियनमध्ये आहे. टॉलस्टॉय, चेखॉव्ह मराठीत आले, ते पुष्कळदा इंग्रजीचा वळसा घेऊन. हा वळसा टाळायचा तर दोन्ही भाषा जाणणारी माणसे हवीत, आणि ती शहरातूनच यावीत असा काही नियम नाही.

नोकरी मिळेल का, याचे उत्तर आज मजजवळ नाही. परंतु मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांत रशियन शिकवली जाते, म्हणजे पुढची वाट आहे. परकीय भाषा घेऊ इच्छिणाऱ्या मराठी माध्यमाच्या मित्रमैत्रिणींना माझे एकच सांगणे आहे. इंग्रजी पुस्तक जरूर वाचा, पण शेजारी मराठीची वही ठेवा. प्रत्येक नियमापुढे घरात बोलले जाणारे एक वाक्य लिहा. आपण घरून रिकाम्या हातांनी आलो नाही, हे त्या वहीतच दिसू लागेल.