बाळाचे फ्रेंच नाव



मागच्या महिन्यात वडिवळ्याचे एक तरुण जोडपे बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करायला आले. त्यांच्या मागोमाग बाळाचे आजोबाही आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसले. नावाच्या रकान्याशी मी थांबलो. बाळाची आई म्हणाली, "लुई." लग्नाआधी ती पुण्यात फ्रेंच शिकली होती, तेव्हापासून तिच्या मनात फ्रेंच नाव होते.

आजोबा उसळले. "फादर, आडनाव पोर्तुगीज, शाळेत इंग्रजी, आता नाव फ्रेंच! या पोराला आपला म्हणायचा तरी कशावरून? असले परके नाव असेल तर मी बाप्तिस्म्याला येणार नाही."

मुलगा मान खाली घालून बसला. सून रडवेली झाली. मी आजोबांना हळूच विचारले, "बाबा, तुमच्या नावाचा सण कधी?"

"४ ऑक्टोबरला. का?"

आता आजोबांचे नाव मी छापायला नको. त्या दिवशी आपण असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करतो. ते ११८१ किंवा ११८२ साली जन्मले, तेव्हा त्यांचे कापडव्यापारी वडील व्यापारासाठी फ्रान्समध्ये होते, असे परंपरा सांगते. इकडे आईने बाळाचे नाव जोव्हानी, म्हणजे योहान, असे ठेवले. वडील परतले आणि त्याला फ्रान्चेस्को म्हणू लागले. फ्रान्चेस्को म्हणजे फ्रेंच माणूस! तेच आपले फ्रान्सिस. पुढे फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे ते गोव्यात आणि वसईत घरोघर गेले, घाटावरही आले. २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेव्हा ते नाव फ्रेंच आहे असे कोणाच्या मनात तरी आले का?

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत आम्हांला अभ्यासाला होता. १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात तो म्हणतो की विशेषनाम माणसाकडे बोट दाखवते, त्याचे वर्णन करीत नाही. डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून एका गावाला डार्टमथ म्हणतात. उद्या नदीने वाट बदलली तरी गावाचे नाव तेच राहील. मला मिल अर्धाच पटतो. शब्दाचा मूळ अर्थ विसरला जातो हे खरे; डेनिस हे नाव तर ग्रीकांच्या मद्यदेवतेवरून आले आहे, आणि पॅरिसचे पहिले बिशप मानले जाणारे हुतात्मा संत डेनिस यांच्यामुळे ते आपण आनंदाने ठेवतो. पण नाव कोणी धारण केले होते, ही आठवण नावाला चिकटून राहते.

ख्रिस्तसभेचा नियमही समजून घ्यावा. १९१७ च्या धर्मकायद्याप्रमाणे पालकांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहायची असत. १९८३ च्या कायद्यातील ८५५ वे कलम एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. म्हणून आनंद चालते, प्रकाश चालते, लुईही चालते.

अडचण असते ती उच्चाराची. सुनेच्या यादीत 'रेमी'ही होते. आपल्याकडे त्याचे रमी व्हायला आठवडा लागणार नाही. 'जाँ' अशी दारातून हाक मारली तर शेजारी काय समजतील ते सांगायला नको. लुईच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'एस' येतो, तो फ्रेंच माणूस उच्चारत नाही. शाळेतल्या बाई मात्र लुइस वाचणारच. म्हणून जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंद आणि आधार या तिन्हींवर स्पेलिंग एकच ठेवा. लग्नाच्या वेळी एका अक्षरासाठी पळापळ करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. तेव्हा भांडायलाही वेळ आहे.

मग मी त्यांना संत लुईंविषयी सांगितले. ते १२२६ पासून १२७० पर्यंत फ्रान्सचे राजे होते. त्यांच्या धर्मयुद्धांचे गोडवे मी गाणार नाही. पण एक गोष्ट मला फार आवडते. राज्याभिषेक राँसच्या भव्य मंदिरात झाला, तरी ते स्वतःला 'प्वासीचा लुई' म्हणवीत, असे सांगतात. प्वासी हे लहानसे गाव. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला होता.

आजोबांनी चष्मा पुसला. "म्हणजे हा वडिवळ्याचा लुई," ते म्हणाले, आणि नातवाला घ्यायला हात पुढे केले. जाता जाता दारातून वळून मला बजावले, "पण फादर, घरात मी त्याला बाळूच म्हणणार."