कारखान्याची विद्या परक्यास द्यावी काय?

प्रश्न : अपव्यय टाळण्याची आमची उत्पादनपद्धती इतर संस्थांस शिकवल्यास आमचेच नुकसान होणार नाही काय?

उत्तर : टोयोटाने १९८४ साली कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे जनरल मोटर्स या प्रतिस्पर्ध्याशीच भागीदारी करून आपली पद्धती त्याच्यासमोर उघडी ठेवली, आणि १९९२ पासून अमेरिकेत केंद्र स्थापून ती अन्य कारखान्यांस, पुढे धर्मादाय संस्थांसही शिकवली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील एका अन्नछत्रात त्यायोगे ९० मिनिटांपर्यंत लांबणारी प्रतीक्षा १८ मिनिटांवर आली. या पद्धतीतील तक्ते व फलक यांची नक्कल सहज होते. परंतु दोष दिसताच काम थांबवण्याचा कामगारास दिलेला अखत्यार आणि त्यामागील परस्परविश्वास हे दीर्घ अभ्यासानेच साध्य होतात. सबब विद्या अवश्य द्यावी. मात्र व्याख्यानाने नव्हे, तर शिकणाऱ्या संस्थेच्याच माणसांकडून एखाद्या लहान कामावर प्रयोग करवून द्यावी.