जळक्या तेलाचं डिझेल करताना

नाशिकला सातपूरच्या एका शेडमध्ये आम्ही हॉटेलं, फरसाणवाले आणि भज्यांच्या गाड्यांकडून वापरलेलं तेल घेतो आणि विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने त्याचं बायोडिझेल करतो. हा धंदा सुरू करू पाहणारी तरुण मुलं अधूनमधून शेडवर येतात. त्यांना जे सांगतो, ते इथे लिहितो आहे.

१. आपली चढाओढ दुसऱ्या कढईशी आहे.

वापरलेलं तेल सहसा कोणी फेकत नाही. मोठ्या हॉटेलातून ते लहान खानावळीत जातं, तिथून गाडीवर, आणि नव्या तेलात मिसळून त्यात पुन्हा भजी पडतात. हे थांबावं म्हणूनच मी या कामात आलो. डिझेल हा त्याचा मार्ग. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या, तेल बिघडेल तशा वाढणाऱ्या, एकूण ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली; त्यापुढचं तेल खाण्यासाठी बाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायची ‘रुको’ मोहीम सुरू झाली. पुढे दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असाही नियम आला. पण गाडीवाला या ५० लिटरच्या आसपासही नसतो. त्याच्याकडे आपणच जायला हवं.

एका गाडीवरच्या मावशींनी मला सरळ विचारलं, “दादा, तो दुसरा माणूस किलोमागे तुमच्यापेक्षा जास्त देतो. तुम्हाला का देऊ?”

“मावशी, तो त्याचं डिझेल करत नाही. ते तेल फिरून कुणाच्या तरी कढईत येतं.”

त्यांनी झारा कढईच्या काठावर टेकवला. “शाळेपुढच्या गाडीवर आमची नातवंडंही खातात,” म्हणाल्या. मग लगेच, “पण पैसे रोख लागतील. आणि डबा भरला की त्याच दिवशी उचलायचा, इथे पाय ठेवायला जागा नाही.”

दोन्ही अटी रास्त होत्या. भावात आपण त्या दुसऱ्याला गाठू शकत नाही. ठरल्या वारी गाडी, रोख पैसे आणि भरलेल्या डब्याच्या जागी स्वच्छ रिकामा डबा, एवढं पाळलं तर माणसं टिकतात.

२. तेल आंबट म्हणून नाकारू नका. साबणाचं पाणी मिसळलेलं मात्र घेऊ नका.

तळून तळून तेलात सुटी मेदाम्लं वाढतात. नेहमीच्या पद्धतीत तेल आणि मिथेनॉलमध्ये कॉस्टिक घालून ६० अंशांवर तास-दोन तासांत काम उरकतं. पण मेदाम्लं एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की कॉस्टिकशी त्यांचा साबण होतो. टाकीत फेस येतो, ग्लिसरीन खाली बसत नाही आणि धुता धुता पाणी पुरत नाही. शिवाय साबण झालेलं मेदाम्ल डिझेलच्या हिशेबातून गेलंच.

लायपेज या विकराचं तसं नाही. आपल्या स्वादुपिंडातही लायपेज असतं, जेवणातली चरबी फोडायला. कारखान्यात वापरायचं लायपेज बरेचदा थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस या बुरशीचं असतं. ते तेलाच्या रेणूला जसं मिथेनॉल जोडतं, तसंच सुट्या मेदाम्लालाही जोडतं. म्हणजे जे कॉस्टिकला नडतं, त्याचंही इथे डिझेल होतं. द्रवरूप लायपेजला थोडं पाणी तर हवंच असतं, कारण पाणी आणि तेल भेटतात त्या सीमेवरच ते काम करतं. त्याला मारतात ती भांडी घासायची पावडर आणि डबा धुतल्यावर राहिलेलं तीव्र ॲसिड. म्हणून डबे आम्हीच धुतो आणि वाळवून देतो.

३. मिथेनॉल घासाघासाने द्या.

१०० किलो तेलाला हिशेबाने साधारण ११ किलो मिथेनॉल पुरतं. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट घ्यावं लागतं. ते सगळं एकदम ओतलं, तर तेलात न विरघळलेलं मिथेनॉल विकराची घडी मोडतं आणि मग ते पुन्हा उभं राहत नाही. जपानमध्ये युजी शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर वाट दाखवली: मिथेनॉल टप्प्याटप्प्याने द्यायचं. आम्ही लहान पंपाने ते हळूहळू सोडत राहतो. तापमान ४० अंशांच्या आसपास, ढवळणी सतत, आणि सगळं मिळून जवळजवळ एक दिवस. बाहेर टँकर उभा असला तरी पंप वाढवायचा नाही, हे मी कामगारांना पहिल्याच दिवशी सांगतो.

४. मिथेनॉलच्या पिंपाला कुलूप हवंच.

रंग नाही आणि वास दारूसारखा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. जी वाचतात त्यांतल्या काहींची दृष्टी जाते. उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसतही नाही. किल्ली एकाकडे, प्रत्येक लिटरची नोंद, आणि शेडमध्ये काडेपेटी नाही. यात कुणाचीही भीड ठेवू नका.

५. काचेच्या बाटलीवर विश्वास ठेवा, पण अर्धाच.

झटपट तपासणीसाठी आम्ही २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवतो. तयार डिझेल पूर्ण विरघळतं. कच्चं तेल राहिलं असेल तर बाटलीच्या तळाशी त्याचा पिवळसर थेंब जमतो. नवी मुलं बाटली स्वच्छ दिसली की खूश होतात. पण सुटी मेदाम्लंही मिथेनॉलमध्ये विरघळतात, त्यामुळे ती या बाटलीत लपून राहतात. आणि विकराच्या पद्धतीत शेवटी एक-दोन टक्के मेदाम्ल उरतंच. आयएस १५६०७ या मानकाला आम्लमूल्य ०.५ च्या आत लागतं. म्हणून ब्युरेट लावायचं, फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजायचे आणि उरलेल्या मेदाम्लापुरता कॉस्टिकचा हलका हात द्यायचा. हे टाळलेलं डिझेल इंजिनाच्या पंपाला आणि जोडांना गंज आणतं, आणि त्या एका गिऱ्हाइकामागे या इंधनाचं नाव खराब होतं.

६. नाशिकची थंडी लक्षात ठेवा.

फरसाणवाल्यांचं तेल बहुधा पामचं. त्याचं बायोडिझेल १५ अंशांच्या जवळपास गढूळ होऊ लागतं. डिसेंबरच्या पहाटे आमचं सगळं पिंप दुधाळ दिसतं आणि फिल्टर तुंबतात. कोकणात हा प्रश्न नाही. इथे थंडीत सोयाबीन-सूर्यफुलाचं तेल वापरणाऱ्यांकडून जास्त माल घ्यावा, आणि पंपावरच्या साध्या डिझेलशी मिश्रण आधीच करून ठेवावं.

७. खालचा थर सगळा विकू नका.

१०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन खाली बसतं. कॉस्टिकच्या पद्धतीत त्यात साबण आणि क्षार उतरतात; इथलं त्या मानाने स्वच्छ असतं आणि मिथेनॉल उडवून काढलं की चांगल्या भावाने जातं. पण बरंचसं विकरही त्याच थरात उतरलेलं असतं आणि त्याच्यात अजून जोर असतो. थराचा काही भाग पुढच्या घाण्यात घाला, म्हणजे नवं, महागडं विकर कमी लागतं. तो जोर किती घाणे पुरेल हे तेलावर ठरतं. म्हणून दर घाण्याचं आम्लमूल्य ठरावीक तासांनी वहीत उतरवा, आणि ते उतरण्याचा वेग मंदावला की ताजं विकर घाला.