पुरलेल्या नळाचा काळा गंज

लोखंड गंजण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात, हा समज उघड्यावरील अवजारांपुरता खरा आहे. परंतु पाणी मुरून राहणाऱ्या चिकण जमिनींत, जेथें हवेचा शिरकाव नाहीं, तेथेंहि बिडाचे नळ कुजतात. याचें कारण सूक्ष्म जंतु होत, असें हॉलंडांतील फॉन वोल्झोगेन क्यूर व फान डर फ्लुख्ट यांनीं १९३४ सालीं मांडलें. हे जंतु हवेवांचून जगतात. जिप्समसारख्या क्षारांतील गंधकापासून ते कुजक्या अंड्याची घाण येणारा वायु करतात, व त्यापासून लोखंडावर काळा गंज धरतो. नळाचा आकार जसाच्या तसा दिसतो. पण आंतील लोखंड जाऊन शिसपेन्सिलींतल्यासारखा ग्राफाइट तेवढा उरतो, आणि तो चाकूनें खरवडतां येतो.

नळ बदलण्यापूर्वीं काळ्या पापुद्र्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडाचे दोन थेंब टाकून पाहावे. (नाक फार जवळ नेऊं नये.) तीच घाण आली, तर आम्ही नळ विकणाऱ्यास दोष देणार नाहीं, दोष जमिनीचा आहे, व त्याच चरांत नुसता नवा नळ घालणें म्हणजे पैसा मातींत पुरणें होय. प्रथम पाण्याचा निचरा करावा, नळास डांबराचा अखंड लेप द्यावा, व भोंवतीं चिकणमातीऐवजीं स्वच्छ वाळू भरावी. वाळूंतहि पाणी तुंबत असेल, तर चर आणखी उताराकडे न्यावा.