नावांची यादी आणि त्यात तुमचं नाव

आजचं वाचन: नहेम्या, अध्याय 3
सोबत वाचा: नहेम्या 5:1-13, 7:4, 11:1-2



नहेम्याचा तिसरा अध्याय उघडला की आपलं बोट आपोआप स्क्रीनवर पुढे सरकतं. नावं, बापाची नावं, वेशींची नावं. अमक्याने डागडुजी केली, त्याच्या शेजारी तमक्याने केली, त्याच्या पलीकडे आणखी कोणी. चमत्कार नाही, उपदेश नाही, प्रार्थनाही जवळपास नाही. मग हा अध्याय पवित्र शास्त्रात का आहे?

कारण ही सेवकांची यादी आहे. स्वतःहून कामाला उभ्या राहिलेल्या साध्या लोकांची नावं देवाने जवळपास 2,400 वर्षं जपून ठेवली आहेत.

आणि सध्या आपल्याकडेही अशी एक यादी फिरत असेल. आगमन काळ जवळ आला की मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये कामांची रांग लागते. कॅरल राउंडसाठी घरांची यादी, संडे स्कूलचं नाटक, चर्चची सजावट, नाताळचं स्नेहभोजन, जे वृद्ध सभासद आता उपासनेला येऊ शकत नाहीत त्यांच्या भेटी, आणि 31 डिसेंबरच्या रात्रीची वॉचनाइट उपासना. ग्रुपवर मेसेज येतो, "कोण कोण मदत करणार?" खाली भराभर अंगठे उमटतात. प्रत्यक्ष शनिवारी संध्याकाळी मात्र खुर्च्या लावायला तेच चार जण असतात.

म्हणून आज ही जुनी यादी जरा सावकाश वाचू या.

थोडी पार्श्वभूमी

काळ साधारण इ.स.पू. 445. नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, चांगल्या नोकरीत असलेला माणूस. यरुशलेमची भिंत पडलेली आहे हे ऐकून तो रडतो, उपास करतो, राजाकडे रजा मागतो आणि शहरात येतो. आल्या आल्या तो लोकांना कामाला लावत नाही. आधी रात्री, थोडीच माणसं सोबत घेऊन, पडलेल्या वेशी स्वतः बघून येतो (2:12-15). आणि मग लोकांना म्हणतो, चला, बांधू या. भिंत 52 दिवसांत पुरी झाली (6:15). तिसऱ्या अध्यायात ती कशी झाली ते दिसतं.

1. इथे हुद्दा चालत नाही

यादीत पहिलं नाव मुख्य याजक एल्याशीबाचं आहे (3:1). तो आशीर्वाद देऊन घरी गेला नाही, बाकीच्या याजकांना घेऊन मेंढरांची वेस बांधायला लागला. पुढे एक सोनार आहे आणि एक सुगंधी द्रव्यं बनवणारा आहे (3:8). यांच्या हातांना नाजूक कामाची सवय, दगड उचलण्याची नव्हे. अर्ध्या यरुशलेमचा अधिकारी शल्लूम आपल्या मुलींना घेऊन कामावर आला (3:12). त्या काळच्या यादीत मुलींचा उल्लेख येणं ही छोटी गोष्ट नाही, बरं का!

आणि मला सगळ्यात जास्त थांबवणारं नाव म्हणजे मल्कीया (3:14). हा एका प्रांताचा अधिकारी होता. त्याच्या वाट्याला कुठली वेस आली? उकिरड्याची. शहराचा कचरा जिथून बाहेर जातो ती. त्याने ती बांधली, दारं बसवली, कड्या-अडसर लावले. तक्रारीचा एक शब्दही नोंदलेला नाही.

आपल्याकडे क्वायर, साउंड सिस्टिम, पोस्टर आणि रील बनवणं यासाठी तरुण सहज मिळतात. ही पण खरी सेवा आहे, तिला कमी लेखू नका. पण स्नेहभोजनानंतरची पातेली? कार्यक्रम संपल्यावरचं टॉयलेट? तीही भिंतच आहे. ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले (योहान 13), त्याच्या मंडळीत उकिरड्याची वेस दुसऱ्याची कशी असेल?

2. आपल्या घरासमोरचा तुकडा

यदायाने आपल्या घरासमोर काम केलं (3:10). बन्यामीन आणि हश्शूब यांनीही तसंच (3:23). याजकांनीही प्रत्येकाने आपापल्या घरासमोर (3:28). नहेम्याचं हे नियोजन किती शहाणपणाचं! माणूस आपल्या दारासमोरची भिंत कच्ची ठेवत नाही.

मुंबईत आज बहुतेकांचं चर्च एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असतं. विरार, कल्याण, पनवेल, जिथे घर परवडलं तिथे कुटुंबं गेली. त्यामुळे "मला चर्चला लवकर येणं जमत नाही" ही अडचण अगदी खरी आहे. पण वचन आपल्याला वेगळा प्रश्न विचारतं. तुझ्या घरासमोर कोण आहे? तुझ्याच स्टेशनला आपल्या मंडळीतली एखादी आजी एकटी राहत असेल, जिने पावसाळ्यापासून उपासनेचं तोंड पाहिलेलं नाही. पाळक साहेबांना तिच्याकडे पोहोचायला अर्धा दिवस लागतो. तुला दहा मिनिटं. तो तुकडा तुझा आहे.

3. ज्यांनी मान वाकवली नाही

यादीत एक कडू ओळ आहे. तकोवाच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी मान खाली घालून जू घेतलं नाही (3:5). कारण दिलेलं नाही. बिझी असतील, नहेम्याची पद्धत आवडली नसेल. पण पुढे 27 व्या वचनात काय आहे बघा. तकोवाच्या त्याच साध्या लोकांनी आणखी एक तुकडा बांधला! मोठ्यांनी सोडलेलं काम हवेत विरत नाही. ते कोणाच्या तरी खांद्यावर जातं.

आपण अंगठा दाखवून आलो नाही तेव्हा नेमकं हेच होतं. कोणीतरी दुसरा तुकडा बांधतो. आणि ते "कोणीतरी" बहुतेक वेळा तीच मावशी, तोच दादा असतात. काही वर्षांनी ते थकतात, चिडतात, आणि एक दिवस उपासनेला यायचंही बंद करतात. मग आपण म्हणतो, "यांचा विश्वास थंड झाला." विश्वास थंड झाला, की खांदा दुखला?

आता जे सगळंच करतात त्यांच्यासाठीही एक शब्द. नहेम्याने अख्खी भिंत कोणालाच दिली नाही. "माझ्याशिवाय होणारच नाही" असं वाटायला लागलं की मार्थाची गोष्ट वाचा (लूक 10:38-42). प्रभूने तिचा स्वयंपाक नाकारला नाही, तिची तगमग ओळखली. मेथडिस्ट परंपरेत जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये करार-नूतनीकरणाची उपासना सुरू केली. पुढे ती नववर्षाशी जोडली गेली. तिचा गाभा असा की देवाने कामाला लावलं तरी मी त्याचा, आणि थांबवलं तरी मी त्याचाच. थांबणं ही पण आज्ञाधारकता असू शकते.

4. भिंतीपासून माणसांपर्यंत

आता आजच्या मननाचा मुख्य मुद्दा. काम जोरात चालू असताना पाचव्या अध्यायात मोठी ओरड होते. गरीब बांधव सांगतात की धान्यासाठी आम्ही शेतं, मळे, घरं गहाण टाकली, आमची मुलं गुलामीत चालली, आणि व्याज घेणारे आमचेच भाऊ आहेत. नहेम्या काय करतो? "आधी भिंत पुरी होऊ द्या" असं म्हणत नाही. सभा बोलावतो, श्रीमंतांना तोंडावर जाब विचारतो आणि घेतलेलं परत करायला लावतो. लोक खांद्याला खांदा लावून काम करत होते म्हणूनच हे दुःख झाकलेलं राहिलं नाही.

अगदी असंच काहीसं मेथडिस्ट चळवळीच्या सुरुवातीला घडलं. 1742 साल, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज डोक्यावर होतं. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर पहिल्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा की सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. तसे गट पडले. पुढारी पेनी गोळा करायला दारोदार जाऊ लागले आणि त्यांना घरातली खरी परिस्थिती दिसू लागली. कोण आजारी, कोण व्यसनात, कुठे भांडण, कोण प्रार्थनेला भुकेलेला. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. त्यातून मेथडिस्टांची "क्लास मीटिंग" उभी राहिली. निघाले होते इमारतीसाठी, पोहोचले माणसांपर्यंत!

लंडनमध्येही वेस्लींनी शहराचे 23 भाग पाडून आजाऱ्यांच्या भेटीसाठी 46 स्वयंसेवक नेमले होते. प्रत्येक भागात दोघं, आणि आठवड्यातून तीनदा भेट. सौम्य राहा, धीर धरा, स्वच्छता ठेवा, किळस करू नका, अशा सूचना त्यांना होत्या. पुढे 1786 च्या एका उपदेशात वेस्लींनी स्पष्ट केलं की आजाऱ्याला मदत पाठवून देणं आणि स्वतः जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवल्याने त्याची गरज भागेल, पण तुमचं मन बदलायचं राहून जाईल. म्हणूनच मेथडिस्ट शिकवणीत अशी भेट हे प्रार्थना आणि प्रभुभोजनाप्रमाणेच कृपेचं साधन मानलं जातं. सेवेने तारण विकत मिळत नाही, ते कृपेनेच आहे (इफिस 2:8-10). पण त्याच कृपेत वाढायची ही एक वाट आहे.

आपल्या मुंबईतही हाच धागा आहे. जॉर्ज बोवेन 1848 मध्ये अमेरिकेहून मुंबईत आले. काही काळाने त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि शहरातल्या साध्या लोकांमध्ये अगदी थोडक्यात भागवून राहिले. 1871 च्या अखेरीस विल्यम टेलर इथे आले तेव्हा इथलं मेथडिस्ट काम सुरू झालं ते घराघरांत जमणाऱ्या लहान गटांतून. बोवेनही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या चर्चला आज त्यांचं नाव आहे.

आणि नहेम्याची गोष्ट भिंतीवर संपत नाही. भिंत झाली, पण शहर मोठं आणि माणसं थोडी होती (7:4). मग ज्यांनी स्वखुशीने यरुशलेमात राहायची तयारी दाखवली त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला (11:2). कार्यक्रम म्हणजे भिंत. तिच्या आत माणसं राहायला आली नाहीत तर 52 दिवसांची मेहनत कशासाठी?

मग नाव कसं द्यायचं?

- एकच काम निवडा, दिवस आणि वेळ सांगा. "काही लागलं तर सांगा" यापेक्षा "शनिवारी चार ते सहा, खुर्च्या माझ्याकडे" हे पाळकांना आणि पास्टोरेट कमिटीला जास्त उपयोगी पडतं.
- नाही तर स्पष्ट नाही म्हणा. परीक्षा, नाइट शिफ्ट, घरी आजारपण असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. होय ते होय, नाही ते नाही (मत्तय 5:37).
- भेटीला दोघं जा. प्रभूनेही दोघांदोघांना पाठवलं (लूक 10:1). आधी फोन करा. अर्धा तास पुरे. कमी बोला, जास्त ऐका. आणि प्लीज, आजीसोबतचा फोटो स्टेटसला टाकू नका.
- न झेपणारं वचन देऊ नका. औषधाचा, पैशाचा, घरातल्या छळाचा विषय निघाला तर तो ग्रुपवर नेऊ नका, त्या व्यक्तीला सांगून पाळकांपर्यंत पोहोचवा.
- संडे स्कूलच्या मुलांसोबत कधीही एकट्याने थांबू नका, पालकांना सगळं माहीत असू द्या.
- नवीन माणसाला सोबत घ्या. शल्लूमाने मुलींना आणलं. तुम्ही कोणाला आणणार?

मनन करा

1. माझ्या अंगठ्याच्या मागे माझे हात असतात का?
2. मी सोडलेला तुकडा सध्या कोण बांधतंय? त्या व्यक्तीला मी शेवटचं "थँक्यू" कधी म्हटलं?
3. माझ्या घरासमोर, माझ्या स्टेशनला, मंडळीतलं कोण आहे?
4. आमच्या कार्यक्रमांच्या गडबडीत कोणाची ओरड ऐकू येत नाहीये?

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमच्यामध्ये सेवा करणारा म्हणून आलास. आमच्या मंडळीत जे वर्षानुवर्षं दुसऱ्यांचाही तुकडा बांधत आले आहेत त्यांना विसावा दे. आम्हाला मान वाकवायला शिकव. आमच्या वाट्याला उकिरड्याची वेस आली तरी आनंद दे. या नाताळात आमचे कार्यक्रम चांगले होवोत, पण त्याहून जास्त, एकही एकटं माणूस आमच्या नजरेतून सुटू नये. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

या रविवारी उपासनेनंतर लगेच निघू नका. पाळक साहेबांकडे जा, एक काम मागा, आणि यादीत स्वतःच्या हाताने नाव लिहा.

प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो!