छप्पर आपलं, पैसे सरकारचे?

प्रश्न : माझी मुलगी फ्लोरिडात टँपाला असते. चक्रीवादळात छप्पर टिकावं म्हणून तिथलं सरकार घरमालकांना पैसे देतं म्हणे. खासगी घरासाठी सरकारने खिसा का सैल करावा? — एक वाचक, पुणे

उत्तर : देतं खरं. ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ ही योजना २००६ साली आली, मध्ये बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. आधी तपासनीस घर बघून जातो, त्याचे पैसे पडत नाहीत. मग मंजूर कामावर मालकाने एक डॉलर घातला की सरकार दोन घालतं, कमाल दहा हजारांपर्यंत.

खिसा का सैल करावा, याचा धडा सरकारला मिळाला ऑगस्ट १९९२ मध्ये. ‘अँड्र्यू’ चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली पंचवीस हजारांहून जास्त घरं भुईसपाट केली. भरपाई देता देता काही विमा कंपन्यांचं दिवाळं वाजलं, बाकीच्यांनी हप्ते वाढवले किंवा काढता पाय घेतला. खासगी कंपनी विमा देईना, की लोक ‘सिटिझन्स’ या सरकारी विमा कंपनीकडे येतात. म्हणजे उडालेलं छप्पर शेवटी सरकारच्याच अंगावर येतं.

तपासनीस माळ्यावर चढून काय बघतो? छपराची कैची भिंतीला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी ठोकलीय, की वरून पत्र्याची पट्टी घेऊन दोन्ही बाजूंनी जखडलीय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यात खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं, की आत घुसलेला वारा छप्पर खालून ढकलतो आणि वरचा वारा ते ओढत असतोच. म्हणून अनुदान पट्ट्यांना मिळतं तसं वादळ झेलणाऱ्या दारं-खिडक्यांनाही मिळतं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याला मात्र काही अर्थ नाही.

माझ्या मते लोकांना हलवते ती भीती नव्हे, हप्त्यातली सूट. अशा मजबुतीसाठी विमा कंपन्यांनी सूट द्यावी, असा तिथे कायदाच आहे. आपल्याकडे ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत पंचनामे झाले, मदतही आली, पण पत्रे उडाल्यावर.

मुलीचं घर स्वतःचं आणि राहतं असेल तरच ही योजना लागू होते, भाडेकरूंना नाही. निधी संपला की अर्ज घेणं थांबतं. आणि मंजुरीआधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत, तेव्हा कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याची घाई तिने करू नये.