पिल्लू थांबतं, मग पावलं पुरी कधी व्हायची?

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या घरी एक देशी कुत्र्याचं पिल्लू आलं आणि त्याच्या मागोमाग मांजरीचंही. पिल्लू आता पाच महिन्यांचं झालंय. त्याच सुमारास मी आणि देवासला दिलेली माझी धाकटी बहीण, आम्ही दोघींनी रोज १०,००० पावलं चालायचं ठरवलं. मी इथे धारला पिल्लाला घेऊन मुंज तलावाकडे निघते, पण ते प्रत्येक खांबापाशी आणि झुडपापाशी थांबतं. तास निघून जातो आणि फोनवर जेमतेम ३,००० दिसतात. बहीण माताजीची टेकडी चढून येते, तिचेही आकडे काही फार मोठे नसतात. पिल्लाबरोबरचं चालणं व्यायामात धरायचं का? आम्हा दोघींत जास्त व्यायाम कुणाचा होतो? आणि मांजरालाही फिरवून आणायला हवं का?
– एक वाचक, धार

उत्तर : आधी थेट उत्तरं देते. पिल्लाचं फिरणं हिशेबात धरू नका. ते त्याचं आहे. स्वतःसाठी रोज थोडं वेगळं आणि झपझप चाला. पावलं कमी दिसली तरी टेकडी चढणाऱ्या बहिणीचा कस तुमच्यापेक्षा जास्त लागतो. मांजराला मात्र रस्त्यावर न्यायची गरज नाही. आता कारणं सांगते.

१०,००० हा आकडा कुणा डॉक्टरांनी तपासण्या करून काढलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजायचं एक छोटं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता आणि तो जगभर पसरला. अभ्यास पुष्कळ नंतर झाले. अमेरिकेत डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,००० हून अधिक स्त्रियांची पावलं मोजली. २०१९मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार, दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी होतं. फायदा ७,५००च्या आसपासपर्यंत वाढत गेला आणि मग थबकला. २०२५मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानेही ७,००० पावलांचं लक्ष्य पुरेसं धरलं आहे. मुळात धडधाकट माणसं जास्त चालतात, ही गोष्ट अशा अभ्यासांत पूर्णपणे वगळता येत नाही. पण सगळ्यांचा रोख एकाच दिशेचा आहे. तेव्हा १०,००० पुरी झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असं मानू नका.

पावलांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की चाल मध्यम श्रमाची झाली असं धरतात. ओळखायची खूण सोपी आहे : चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. म्हणजे अर्ध्या तासात ३,००० पावलं, आठवड्यातून पाच दिवस. पिल्लाबरोबर तुमच्या तासाभरात पडणारी ३,००० पावलं आणि ही अर्ध्या तासातली ३,००० पावलं फोनवर सारखीच दिसतात. हृदयाला मात्र फरक लगेच कळतो.

फोन पावलं मोजतो ते अंगाच्या लयीवरून. आतला संवेदक प्रत्येक पावलाचा हेलकावा टिपतो आणि सलग लय दिसली की पाऊल धरतो. पिल्लू दर चार पावलांवर थांबलं की लय तुटते आणि काही पावलं मोजायची राहतात. मनगटी घड्याळ असेल आणि त्याच हातात पट्टा ताणून धरलेला असेल, तर हात हलत नाही आणि मोजणी आणखी चुकते. घड्याळ दुसऱ्या हाताला बांधा, फोन पर्सऐवजी अंगालगतच्या खिशात ठेवा.

हाच मोजणीचा दोष तुमच्या बहिणीच्या बाबतीत उलटा लागतो. पाऊल सपाटीवर पडलं की पायरीवर, मोजणाऱ्याला दोन्ही एकच. चढताना मात्र प्रत्येक पावलाला सगळं अंग वर उचलावं लागतं, त्यामुळे पायऱ्या चढायला सपाटीवर चालण्याच्या दुपटीच्या आसपास शक्ती लागते. तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही मातांचं दर्शन घेऊन, टेकडीची परिक्रमा करून ती उतरत असेल, तर तिने आकड्यांची खंत करू नये. तिला एवढंच सांगा की उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून उतरण सावकाश करावी.

आता तुमच्या पिल्लाकडे वळते. ते थांबतं तेव्हा तुमचा वेळ खात नसतं. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी. आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, किती वेळापूर्वी, हे सगळं त्याला त्या खांबाशी कळतं. २०१९मध्ये शार्लोट दुरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकांनी काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन शोधण्याचे खेळ दिले आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव दिला. पुढच्या चाचणीत वासाचे खेळ खेळलेले कुत्रे अनोळखी गोष्टीकडे अधिक आशेने गेले. ज्याला वास घ्यायला मिळतो ते पिल्लू घरी येऊन शांत झोपतं, चपला कुरतडत बसत नाही. त्याला ओढत नेऊन आपली पावलं पुरी करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि हे मी मनापासून सांगते.

आपल्याकडे कुत्र्याला मान देण्याची परंपरा जुनी आहे. कुत्रा खंडोबाच्या सोबतीला असतो, दत्तगुरूंच्या पायाशी असतो. धार-देवासच्या पवारांनी ज्यांची चाकरी केली त्या छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आजही आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं परंपरा सांगते.

पिल्लाच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. पहिली लशींची. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने देतात आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यापासून. एखादी राहिली असेल तर ती घेऊन, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबून मगच त्याला रस्त्यावर सोडा. तोवर कडेवर घेऊन जग दाखवा. दुसरी उन्हाची. हवा ३५ अंशांवर असली तरी उन्हातलं डांबर ५० अंशांच्या पार जातं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा; तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. माळव्यात रात्री लवकर गार होतात, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच नावाजलेली नाही. उन्हाळ्यात जेवणाआधीची संध्याकाळ पिल्लासाठी ठेवा. तिसरी गल्लीतल्या कुत्र्यांची. ती जवळ आली तर पळू नका, पट्टा सैल ठेवून सावकाश दिशा बदला. कुणाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मांजराचं वेगळं असतं. त्याचा जीव माणसांइतकाच जागेत असतो आणि अनोळखी रस्त्यावर ते भेदरतं. घरातच दोरी किंवा पिसाचा तुरा हलवून त्याच्याशी दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं खेळा आणि खेळ संपला की खायला द्या. शिकार, मग जेवण, मग झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. उंच फळी किंवा कपाटाच्या माथ्यावरची जागा त्याला मोकळी द्या, म्हणजे पिल्लू मागे लागलं की ते वर जाऊन बसेल.

आठवडा असा मांडता येईल. सकाळी पिल्लाला देवीसागरच्या काठाने वीस-पंचवीस मिनिटं, त्याच्या मर्जीने. त्याला घरी सोडून तुम्ही एकट्या अर्धा तास झपझप चाला. बहिणीने तीन दिवस टेकडी चढावी आणि बाकी दिवशी मीठा तलावाकडे पवारांच्या छत्र्यांपर्यंत सपाटीवर चालावं. रविवारी दोघींनी मिळून कुठेतरी जावं, पिल्लाला घरच्यांकडे ठेवून. जुन्या वास्तूंत आणि देवळांच्या गर्दीत त्याला नेऊ नये. ती धारला आली तर दुसऱ्या बाजीरावांचा १७७५ साली जिथे जन्म झाला तो किल्ला पाहा, १४०५च्या लाट मशिदीजवळचे लोहस्तंभाचे तुकडे पाहा आणि गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणाऱ्या रघुनाथ कृष्ण फडके यांच्या स्टुडिओत जा. पाऊस झाल्यावर ३५ किलोमीटरवरचं मांडू गाठा. दोन तलावांमधला जहाज महाल आणि पुढे रूपमतीच्या मंडपापर्यंतचा चढ एवढं पायी केलंत, तर पावलांची चिंता त्या दिवशी करावी लागणार नाही. तुम्ही देवासला गेलात तर टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं ‘भानुकुल’ आहे, चढण्याआधी त्या बाजूने चाला.

महिन्याभराने पाहा : तोच चढ कमी धाप लागून चढता येतो का, झोप चांगली लागते का, पिल्लू घरी शांत असतं का. या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर फोनवर ७,००० दिसोत की ८,०००, तुमचं योग्य चाललं आहे. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर टेकडी सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा.